ओला गिलावा

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात रेमाजी नावाचा एक चितारी राहत असे. हात मोठा गुणी, पण डोक्यात एक खूळ पक्के बसलेले. अख्खे चित्र आधी मनात दिसले पाहिजे, मगच कुंचला उचलायचा!

गावच्या देवीच्या देवळातली मोठी भिंत दर बारा वर्षांनी नव्याने रंगवत. यंदा ते काम पहिल्यांदाच रेमाजीकडे आले होते. रीत अशी, की भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा आणि तो ओला आहे तोवरच चित्र काढायचे. ओल्यात रंग मुरतो, वाळल्यावर लावला तर पोपडे धरून गळतो. गिलावा करायला सावळाबाई नावाची एक म्हातारी होती.

रोज सकाळी सावळाबाई भिंत गुळगुळीत करून द्यायची. रेमाजी समोर मांडी ठोकून बसायचा. मग नदीवर फिरून यायचा, टेकडी चढून ढगांकडे बघत राहायचा. कल्पना काही फिरकत नसे. संध्याकाळपर्यंत गिलावा वाळून जाई आणि दुसऱ्या दिवशी बिचारी सावळाबाई तो खरवडून नवा करी. असे आठ दिवस गेले. देवीचा उत्सव उद्यावर आला. पाटलांनी बजावले, "आज भिंत कोरी राहिली, तर या देवळात तुझा कुंचला पुन्हा लागायचा नाही."

त्या सकाळीही सावळाबाईने गिलावा केला. थापी खाली ठेवताना मात्र ती म्हणाली, "बाबा रे, तुझी कल्पना येईल तवा येईल. माझी बोटं काय आता उरायची न्हाईत."

रेमाजीने पाहिले. चुन्याने तिची बोटे सोलवटून निघाली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आठ दिवस तो ढग न्याहाळत होता आणि हे हात त्याला दिसले नव्हते! निदान आजचा चुना तरी वाया जाऊ नये, म्हणून काहीही न ठरवता त्याने भिंतीवर नुसता तो हात काढला. थापी धरलेला.

हात अधांतरी कसा राहील? म्हणून दंड आला, खांदा आला. देऊळ देवीचे, तेव्हा चेहरा देवीचा झाला. थापीखाली काहीतरी हवे, म्हणून जमीन आली. दिवस मावळेपर्यंत भिंतीवर देवी वाकून सारी धरती लिंपत होती. थापी फिरून गेली तिथे शेते हिरवी झाली होती, पुढची जमीन अजून वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी पाटील चित्रासमोर थबकले. "देवीची बोटं अशी फुटलेली?"

"एवढी धरती लिंपायची म्हटल्यावर कशी राहतील, पाटील?" रेमाजी म्हणाला.

पाटलांनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा कोपऱ्यात उभ्या असलेल्या सावळाबाईच्या हातांकडे. मग त्यांनी हात जोडले. कोणाला, ते त्यांनाच ठाऊक.

तात्पर्य: कल्पनेची वाट बघत बसणाऱ्याला ती भेटत नाही. समोरचे नीट पाहून जो कामाला हात घालतो, त्याच्या हाताखालीच ती वाढत जाते.