हैबती नावाचे तिघे

त्या राज्यात नावं थोडी आणि प्राणी फार. एकेक नाव तिघाचौघांत वापरावं लागे आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. हैबती नावाचे तिघे होते. बगळा वैद्यकी करी, सुगरण पक्षी दोर वळी आणि म्हातारा साळिंदर विहिरी खणे. एकाचं काम फसलं की शिव्या तिघांना, एकाचं साधलं की पेढे तिघांना. वैद्य समजून साळिंदराला रामराम घालणारे रोज भेटत आणि खरं सांगायचं तर त्याला ते गोड लागे. बगळ्याच्या दारीही विहिरीची बोलावणी जात. तो ती निमूट साळिंदराकडे धाडून देई.

मग कोल्हा कारभारी झाला. कारभाऱ्यांना घोळ खपत नाही, तसा यालाही खपेना. त्याने दवंडी पिटवली: एक नाव, एक मालक. ज्याचं कर्तृत्व मोठं त्याच्या गळ्यात नावाची लाकडी पाटी, बाकीच्यांनी नवी नावं घ्यावीत. बगळा जिंकणार हे ठरल्यातच जमा होतं. साळिंदरासाठी 'खणकर सातवा' हे नाव कागदावर लिहूनही झालं होतं.

साळिंदराने घरी त्या नावाने स्वतःलाच चार वेळा मोठ्याने हाक मारून पाहिली. आतून काही ओ येईना. आईने पाळण्यात घातलेलं नाव उतारवयात काढून घेतात, याचं त्याला फार वाईट वाटलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

निवाड्याला तिघे एकाच बाकावर बसले. साक्षीला सशीण आली, पोटाशी बारा दिवसांचं पिल्लू धरून.

"बाळंतपणात तुला कुणी वाचवलं?" कोल्ह्याने विचारलं.

"हैबतीने."

"कोणत्या?"

सशीण विचारात पडली. "औषध हैबतीचं. ते उगाळलं हैबतीच्या विहिरीच्या पाण्यात. आणि हैबतीच्या दोरावाचून पाणी वर कसं यायचं, कारभारी?"

"एकाचं नाव घे, बाई."

"घेतलं की. एकच घेतलं."

लोक हसले. कोल्ह्याने पाटी उचलली आणि बगळ्याकडे बघत म्हणाला, "हैबती, पुढे ये."

बगळा अर्धवट उठला. त्याने शेजारी साळिंदराचा उतरलेला चेहरा पाहिला आणि पुन्हा खाली बसला. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. साळिंदराने सुगरणाकडे बोट दाखवलं, सुगरणाने पुन्हा बगळ्याकडे. तेवढ्यात सशिणीच्या हातून पिल्लू निसटलं, टुणटुण उड्या मारत कोल्ह्यापाशी गेलं आणि पाटीचा कोपरा कुरतडू लागलं.

"हे कोण आता?"

"हैबती," सशीण म्हणाली. "सकाळीच बारसं झालं."

"याचा धंदा काय?"

"अजून ठरायचाय."

कोल्ह्याने पाटी सोडवून पाहिली. पिल्लू सोडेना. शेवटी त्याने ती त्याच्याकडेच राहू दिली, 'खणकर सातवा'चा कागद फाडला आणि पुढची फिर्याद बोलावली.

पाटी तोंडात धरून पिल्लू बाकाकडे आलं. त्याला वर चढता येईना. बगळ्याने चोचीने उचलून घेतलं, सुगरण कडेला सरकला, साळिंदराने सगळे काटे अंगाशी मिटून घेतले आणि तिघांच्या बाकावर चौथ्यापुरती जागा झाली.