बिनव्याजी पैसा

"वस्ताद, सगळ्यात स्वस्त पैसा कुठला, सांगा बघू?"

सदाशिव लिगाडे बसायच्या आधीच विचारत होता. पंपाचे रबरी वॉशर करायचा त्याचा कारखाना होता, नवं प्रेस घेतलं होतं, चालण्यात रुबाब आला होता. कधीकाळी तो मौलाबक्ष वस्तादांच्या हाताखाली रोलवर रबर मळायला शिकला. आता वस्तादांना दिसायला कमी झालं होतं. एमआयडीसीच्या टोकाला पिराच्या कट्ट्यावर ते बसून असत.

वस्तादांनी सरकून त्याला जागा दिली. मग सदाशिवानंच सगळं मांडलं. बँकेचं साडेअकरा टक्के. रबरवाल्या शेटजीची उधारी महिन्यापुढं गेली की दर महिन्याला दोन टक्के. खाजगीवाल्याचे तर तीन. शेजारचा बादल्या करणारा त्या व्याजातच बुडाला, मशिनं भंगारात गेली. रबरवाले, प्लॅस्टिकवाले, सगळे रडतायत. एकटा सदाशिव तेवढा तरला.

"कसा?"

"बायकांची भिशी हाय की. तिला व्याज न्हाई."

त्याच्याकडं सोळा बायका होत्या. साच्यातनं निघालेल्या वॉशरची वाढलेली कड ब्लेडनं कापायच्या. महिन्याला हजार-हजार काढून मालकाच्या कपाटात ठेवायच्या. घरात ठेवला तर नवरा पैसा ठेवील व्हय? दिवाळीला भिशी फोडायची आणि वाटून घ्यायची, अशी पद्धत. गेल्या दिवाळीला कपाट उघडलंच नाही. पैसा शेटजीच्या उधारीत गेला होता. मालकानं सांगितलं, जरा थांबा. त्या थांबल्या. हौसाबाईला घरावर पत्रे घालायचे होते, तीही म्हणाली, चालतंय की मालक.

त्याला आठ महिने झाले.

"मागत्यात का?"

"एक अक्षर न्हाई बोलत." हे सांगताना आपला आवाज बारीक झालाय, हे सदाशिवाला कळलं. मग तो घाईनं कामाचं बोलला. बायका वस्तादांना मानतात. वस्तादांनी एक शब्द टाकला तर आणखी सहा महिने निघतील.

वस्ताद खाली वाकले. डोळे बारीक करून त्याच्या पायांकडं बघत राहिले. भारी काळे बूट घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते.

"नाल्यातनं आलास?"

"व्हय."

"तुझ्या फाटकातनं सरळ डांबरी रस्ता हाय की."

सदाशिव बुटाचा चिखल कट्ट्याच्या दगडावर खरवडू लागला.

"सदा."

"फाटकाजवळ बायका जेवायला बसल्यात."

वस्तादांनी बोटानं कट्ट्यावरची माती सारखी केली.

"बँकेच्या दारात जातोस?"

"जातो. साहेब च्या पाजतो."

"आणि त्यो तीन टक्केवाला?"

"त्याच्या तर ओट्यावर बसतो. हप्ता चुकवलाय कुठं त्याचा?"

सदाशिवाला कानामागं ऊन लागल्यागत झालं. पहिल्या महिन्यात तो बायकांच्या घोळक्यातनं बेधडक जायचा. मग मोबाईल कानाला लावून जाऊ लागला, पलीकडं कुणी नसताना. मग जेवायची सुट्टी टाळून. एकदा हौसाबाईनं डबा पुढं करून म्हटलं, मालक, वांगं केलंय, घ्या. त्यानं पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. बाई दुसऱ्या दिवशी ओवा घेऊन आली.

आणि आज स्वतःच्याच कारखान्याचं मागचं कुंपण वाकवून, गुडघा खरचटून, तो चोरासारखा बाहेर पडला होता. मालक म्हणे.

हे वस्तादांना सांगावं असं त्याला वाटलं. तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"तुमचा एक शब्द, वस्ताद. सहाच महिने."

वस्ताद उठले. भिंतीला धरून पिराच्या खोलीत गेले, माठातनं तांब्या भरून घेऊन आले, आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. ज्या हातांनी त्याला काम शिकवलं, त्याच हातांनी त्याचा बूट धरला.

सदाशिव पाय मागं ओढायला लागला. "नका, वस्ताद... तुम्ही नका. पाया पडतो तुमच्या."

वस्तादांनी बूट सोडला नाही. तांब्या कलता करून तसाच धरला. पाणी काठापर्यंत आलं आणि थांबलं.

"पुढच्या फाटकातनं जाणार असशील तर धुतो. मला पाणी लांबनं आणावं लागतंय."