यदुनाथाने केलेलं सूप

“पण वेळशेतच्या मठाला माझ्याहून शांत माणूस मिळणार कुठे?”

“तीच तर काळजी आहे,” चिदंबरबुवा म्हणाले आणि गाजर सोलत राहिले.

यदुनाथ त्यांचा सगळ्यांत जुना शिष्य. डोंगरावरच्या या मठात त्याच्याइतका वेळ डोळे मिटून कोणी बसू शकत नसे, आणि ही गोष्ट तो अत्यंत नम्रपणे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

वेळशेत म्हणजे खाली नदीकाठचं गाव. तिथले बुवा वारल्यापासून तिथल्या मठाला कुलूप होतं. आज त्या गावची माणसं येणार होती. चिदंबरबुवांनी हो म्हटलं की यदुनाथ त्यांच्याबरोबर जाणार आणि तिथली गादी सांभाळणार. नाही म्हटलं तर... नाही म्हणतील असं यदुनाथाला वाटत नव्हतं. पण रात्री झोप मात्र लागली नव्हती.

“मला पाठवाल ना?”

“आधी जेवणाचं बघू. पौषातली थंडी आहे, माणसं घाट चढून येणार. त्यात त्यांच्यातल्या म्हाताऱ्या येसाक्काला दात नाहीत. सूप करू.”

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात विजेचं एक भांडं होतं. एका भक्ताच्या लेकीने ते कॅनडाहून आणून दिलेलं. स्लो कुकर. काचेचं झाकण, एक बटण, एक लाल दिवा. सकाळी त्यात काही घातलं की दुपारपर्यंत मंद आचेवर आपलं आपण शिजतं. शिट्टी नाही की ढवळणं नाही. यदुनाथाचा त्या भांड्यावर फार जीव. सगळ्या स्वयंपाकघरात साधना करणारं तेवढं एकच आहे, असं त्याचं मत होतं.

“गाजर, बटाटा, फरसबी, मटार, टोमॅटो, थोडं आलं,” बुवांनी सांगितलं. “पाणी घाल. मग झाकण उगाच उघडू नकोस. वाफ गेली की भांडं पुन्हा तापत बसतं. आणि हा पास्ता...”

त्यांनी शिंपल्यांच्या आकाराच्या पास्त्याची पिशवी पुढे सरकवली.

“हा सगळ्यांत शेवटी, पाहुणे दारात आले की. आधी घातलास तर खळ होईल. मग मठाचे सगळे फाटके ग्रंथ चिकटवायला पुरेल.”

“झाकणाला हातसुद्धा लावणार नाही, बुवा.”

“लक्ष ठेव म्हणजे झालं.”

यदुनाथाने भाज्या घातल्या, बटण दाबलं, भांड्यासमोर आसन टाकलं. पाठ ताठ केली आणि डोळे मिटले. दुसरा कोणी असता तर दहादा झाकण काढून डोकावला असता, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्याला बरं वाटलं.

थोड्या वेळाने मळ्यातला पाण्याचा पंप थांबला.

वाफ्यांना पाणी देणाऱ्या बुवांनी पाइप खाली टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन आत पाहिलं. यदुनाथ बसलेला होता. चेहरा अगदी तृप्त.

मागच्या अंगणात जाऊन बुवांनी चूल पेटवली आणि मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं.

दुपार कलली तेव्हा जीप आली. वेळशेतचा हणमंतराव चालवत होता, शेजारी घोंगडीत गुंडाळलेली येसाक्का. दोघंही थेट स्वयंपाकघरात शिरली.

“काय वो महाराज, शिजलं का न्हाई? पोटात कावळं वरडाय लागल्यात,” हणमंतराव म्हणाला.

यदुनाथाने सावकाश डोळे उघडले. “बसा, आजी. सकाळपासून मी या झाकणाला स्पर्शही केलेला नाही.”

“बरं केलंस बाबा,” येसाक्का म्हणाली. “आता कर.”

त्याने झाकण उचललं. वाफ आली नाही.

बुवांनी पळीने गाजराचा एक तुकडा काढून तोंडात टाकला. कट्कन आवाज झाला. तो सगळ्यांना ऐकू आला.

“लाइट गेलीया की,” विझलेल्या दिव्याकडे बघत हणमंतराव म्हणाला. “आमच्याकडं बी सकाळधरनं न्हाई.”



“पंप बंद पडला तेव्हा ऐकू नाही आलं का रे?” बुवांनी विचारलं.

यदुनाथ खोटं बोलत नसे. हा त्याचा खरा गुण.

“आलं. आवाज थांबला म्हणून बरं वाटलं. त्यानंतर ध्यान फार छान लागलं.”

येसाक्काला हसू फुटलं. हणमंतरावाला ठसका लागला. बुवांना तर भिंतीचा आधार घ्यावा लागला. यदुनाथाला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वेळशेतची गादी त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती, तीही कच्च्या गाजरापायी.

“ऊठ आता,” बुवा डोळे पुसत म्हणाले. “मागे पाणी उकळतंय.”

यदुनाथाने सगळ्या भाज्या चुलीवरच्या पातेल्यात ओतल्या. लाकडं ओली होती. फुंकणी फुंकून गाल दुखले, धुराने डोळ्यांतून पाणी आलं. दर थोड्या वेळाने तो झाकण काढून बटाटा पळीने दाबून बघे. मधेच त्याची नजर येसाक्काकडे गेली. ती दाराशी हात काखेत घालून कुडकुडत उभी होती.

त्याने पाट आणून चुलीपाशी मांडला.

“इथे बसा, आजी. पाय दुखतात का?”

सकाळपासून त्याने दुसऱ्या कोणाविषयी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

बटाटा मऊ झाला. मग पास्ता पडला, तोही फुगला. वाट्या भरल्या. येसाक्काचे हात कापत होते, चमच्यातलं अर्धं सूप घोंगडीवर सांडत होतं. यदुनाथ तिच्याजवळ बसला, वाटी आपल्या हातात घेतली आणि फुंकर घालून एकेक चमचा भरवू लागला.

“हे शिंपलं गिळायचं का चावायचं?”

“मऊ झालंय, आजी. जिभेने दाबून बघा.”

तिने दाबून बघितलं. तोंडभर हसली.

“ग्वाड लागतंय की! पर मीठ कमी हाय रं लेका.”

रसना जिंकण्याविषयी यदुनाथाकडे एक चांगलं लांबलचक प्रवचन तयार होतं. ते त्याला आठवलंसुद्धा नाही.

“आणतो,” म्हणून त्याने वाटी पाटावर ठेवली आणि तो आत पळाला.

हणमंतराव बुवांच्या कानाशी वाकला. “महाराज, मग कुणाला धाडताय आमच्याकडं? ह्यो तर...”

आतून डब्यांची झाकणं पडल्याचा आवाज येत होता. यदुनाथाला मिठाचा डबा सापडत नव्हता.

“ओसरीवर त्याची वळकटी आहे,” बुवा कुजबुजले. “तो मीठ घेऊन येतोय तोवर जीपमध्ये टाक. पळ! पुन्हा आसनावर बसला, तर परत साधू होईल.”