वाजणारा दगड

“पण मी तिची माफी मागितली ना, बाई?”

“कुठे?”

“शिक्षकांच्या खोलीत. बोलावून घेतलं होतं तिला.”

“आणि हसलास कुठे?”

निरंजनने मान खाली घातली.

देवस्थळी बाईंनी त्याला शाळेत भूगोल शिकवला होता. आता तो स्वतः सहावीला विज्ञान शिकवायचा. मुलांना टेकडीवरच्या बागेत नेऊन खडक दाखवायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता.

मागच्या सहलीत रेणुका धोत्रेने दोन दगड आपटून पाहिले होते. म्हणाली, “सर, हा चांगला आहे. वाजतो.” तिचे वडील खाणीत दगड फोडत.

“दगड आहे की तंबोरा?” निरंजन हसत म्हणाला होता. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मुलं तिला तंबोराच म्हणत. ती वर्गात बोलेनाशी झाली.

पुढे त्याने पुस्तक उघडलं. घट्ट काळा खडक खणखणतो, आतून कुजलेला बद्द वाजतो. पोरीचं बरोबर होतं.

“आता काय करू, बाई?”

“मला ती बाग दाखव. मुलांनाही घे.”

शनिवारी वर्ग पुन्हा टेकडीवर गेला. निरंजन मुलांसमोर उभा राहिला.

“त्या दिवशी मी चुकलो. रेणुका बरोबर होती. मला माहीत नव्हतं, म्हणून मी हसलो.”

कोणी हसलं नाही. त्याचे कान तापले.

“ये रेणुका, पुढे ये. दाखव सगळ्यांना.”

तिने मान हलवली. “नको सर.”

“अगं, घाबरू नकोस. मी सांगतोय ना!”

ती आणखीच मागे सरकली...

निरंजनने बाईंकडे पाहिलं. बाई मुलांच्या रांगेत, मातीतच मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी शेजारची जागा हाताने साफ केली.

तो जाऊन बसला. त्याच्या समोर आता मुलांच्या पाठी होत्या, आणि पुढची जागा रिकामी...

बराच वेळ गेला.

मग रेणुका उठली. तिने एक दगड उचलला, दुसऱ्यावर आपटला. “हा बघा. ह्याला आतून भेग आहे,” ती हळूच म्हणाली. “कान जवळ आणा.”

मुलं तिच्याभोवती गोळा झाली.

निरंजनचे डोळे भरून आले. “बाई, ती बोलली! बाई, मी तिला...”

“हळू,” बाई म्हणाल्या. “वर्ग चालू आहे.”