मोहाच्या झाडाचा खटला

मुलांनो, ओढ्याकाठच्या रानात एका अस्वलाच्या मालकीचे जुने मोहाचे झाड होते. झाडाच्या ढोल्यांत भाडेकरूंची दुकाने होती. वर मैनेचे, मधे मुंगसाचे आणि अगदी खाली एका खारीचे. खार मोठी कष्टाळू, पण एकदा हट्टाला पेटली की कुणाचे ऐकायची नाही. दुकानामागच्या खबदाडातच तिची पिल्ले वाढत होती.

एका वर्षी अस्वल म्हणाले, "झाडावर नवे छप्पर घालू या. तुम्ही दाणे उसने द्या, भाड्यातून वळते करू." खारीने पावसाळ्याची सगळी बेगमी काढून दिली. छप्पर झाले आणि अस्वलाने कानांवर हात ठेवले. "कर्ज कसले? ती तर तुमची पागडी होती!" खारीने भाडे बंद केले. अस्वलाने दुकान खाली करायला सांगितले. प्रकरण घुबडाच्या न्यायालयात गेले. "महाराज, हा मला कधी बाहेर काढील, नेम नाही," असे खारीने रडून सांगितले, तेव्हा घुबडाने हुकूम दिला, "निकाल लागेपर्यंत मालकाने झाडाला हात लावायचा नाही." खारीला आभाळ ठेंगणे झाले.

तारखांवर तारखा पडत गेल्या आणि इकडे बुंध्याला वाळवी लागली. आता अस्वलाला वाळवी म्हणजे पक्वान्न! एका दुपारी सगळी फस्त केली असती त्याने. ते आलेही.

"अगं, भांडण राहू दे बाजूला. एवढी वाळवी खाऊ दे, नाहीतर झाड जाईल."

"वा रे वा! वाळवीच्या निमित्ताने आत शिरायचे आणि ताबा घ्यायचा, होय ना? हुकूम आहे माझ्याकडे!"

"खारताई, खाऊ दे ना त्याला," मैना काकुळतीने म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस!" खार तिच्यावरच खेकसली. अस्वलही मग फणकारून निघून गेले.

पुढे एका संध्याकाळी जरासा वारा सुटला आणि झाड मुळापासून कोसळले. मैना उडाली, मुंगूस निसटले, खार दाणे वेचायला गेली होती म्हणून वाचली. पिल्ले आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. मैना धावत सांगायला आली, "खारताई, आपण जिंकलो. दाणे कर्जच होते म्हणे, आणि दुकान तुझेच!" खारीने मान वर केली नाही. ती तशीच पडलेल्या ढोलीतला भुसा उकरत राहिली.

तात्पर्य : हक्कासाठी जरूर भांडावे, पण ज्या आसऱ्यासाठी भांडायचे, तो वाचवायला वैऱ्याचा हात पुढे आला, तर तो झिडकारू नये.