संशय कुणाचा येतो?

१८ मार्च. सकाळपासून दमट उकाडा, वारा पूर्ण पडलेला.

"फाइल न्यायची नाही म्हणजे?" गद्रेनं विचारलं.

"इथंच ठेव," म्हणत जुलेखाबाई काळा कोट चढवू लागल्या.

जुलेखाबाई सिद्दी तालुक्याच्या कोर्टात सव्वीस वर्षं वकिली करत होत्या. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले. रंग तोच, केस तेच. कोर्टाच्या फाटकावर नवा पोलीस आला की पहिल्या दिवशी त्यांना अडवून देश विचारायचा.

त्यांच्याच समाजातल्या रजाकला सात तारखेला फौजदारानं एसटीतून उतरवलं होतं. आरोप : परदेशी, पासपोर्ट नाही. अकरा दिवस तो कोठडीत होता.

गद्रे त्यांचा ज्युनिअर. अकरा दिवसांत त्यानं एकवीस कागद जमवले होते : शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आजोबाचं नाव असलेली मतदार यादी. प्रत्येकाला खूणचिठ्ठी. अशी फाइल या कोर्टानं पाहिली नसेल, याची त्याला खात्री होती.

"मॅडम, परदेशी नाही हे त्यानंच सिद्ध करायचं, असा कायदा आहे. कोठडी वाढली तर?"

"वाढेल."

"आत तो आहे. आपण नाही."

"म्हणून काल त्यालाच विचारून आले. म्हणाला, आजोबानं कागद दाखवले, बापानं दाखवले. मी नाही दाखवणार."

"त्याला कायदा कुठं कळतो?"

"तुला कळतो ना? मग सांग, हे कागद मागायचं कारण काय?"

"मी अकरा दिवस उन्हात हिंडलो, मॅडम. त्याच्यासाठी."

"फौजदारासाठी हिंडलास. त्यानं न केलेला तपास तू केलास."

गद्रेनं फाइल टेबलावर आपटली आणि मोकळ्या हातांनी बाईंच्या मागोमाग निघाला. व्हरांड्यात रजाकची आई मरियमबी बसली होती. तिच्याकडे बघायचं त्यानं टाळलं.

कोर्टात न्यायाधीशांची परवानगी घेऊन बाई फौजदाराकडे वळल्या.

"एसटीत माणसं किती होती?"

"चाळीसेक."

"कागद कितीजणांना मागितले?"

"एकाला."

"तो पळत होता?"

"नाही. झोपला होता."

"उठवल्यावर कुठल्या भाषेत बोलला?"

"मराठीत... शिव्याही मराठीतच दिल्या."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"मग संशय कशावरून आला?"

फौजदार हातातली टोपी फिरवू लागला.

"बरं. आत्ता या खोलीत तीसेक माणसं आहेत. बघून सांगा, संशय कुणाचा येतो?"

फौजदाराची नजर बाकांवरून फिरली. वकिलांवरून, कारकुनावरून, गद्रेवरून. मग ती जुलेखाबाईंच्या चेहऱ्यावर आली आणि थांबली...

त्यानं चटकन मान खाली घातली.

"फौजदारसाहेबांनी उत्तर दिलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडे पाहिलं. एवढं लिहून घ्यावं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. गद्रेला आपले रिकामे हात कुठं ठेवावेत कळेना.

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा घातला आणि लिहायला घेतलं.

निकाल ऐकून बाई बाहेर आल्या तेव्हा मरियमबी उठून उभी राहिली.

"काय झालं, बाई?"

"जातमुचलक्यावर सोडलं. चार वाजून दहा मिनिटांनी. कागद एकही दाखवला नाही."