कोरड्या झऱ्याचा खडा

सागाच्या एका जंगलात एक हरिणी राहत असे. त्या जंगलात पाच पाणवठे होते. मुलांनो, हा पाचाचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्याच्यावरूनच घडले. आणि आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट हसण्याची नाही. ज्याला हसायचे असेल त्याने दुसरी शोधावी, माझी काही तक्रार नाही.

सपाटीवर एक थोरले तळे होते. हरणे, ससे, मोर, डुकरे असे शेकडो जीव तिथे पाणी पीत. थोड्या अंतरावर वेळूच्या बेटात एक डोह होता. उरलेले तीन पाणवठे वर टेकड्यांवर होते, लहान लहान झरे, प्रत्येकाच्या काठी चाळीसपन्नास जनावरे. दर दुसऱ्या वर्षी, पळस फुलून गेला की हे जंगल आपला वाटाड्या निवडत असे. वाटाड्या म्हणजे राजा नव्हे. उन्हाळ्यात थांबायचे की हलायचे एवढेच तो ठरवी. मात्र तो म्हणेल तसे सगळ्यांनी करायचे. कारण जंगलापलीकडे मोठा माळ होता, आणि माळावर रानकुत्र्यांच्या टोळ्या फिरत. एकटादुकटा माळावर गेला की तो संपलाच. कडेने गवे, मध्ये पिल्ले, असा सगळ्यांचा मिळून एक कळप केला तरच पलीकडच्या नदीपर्यंत पोचता येई.

आता ही निवड डोकी मोजून होत नसे. प्रत्येक पाणवठ्याचा एक खडा ठरलेला होता. पाणवठ्यावर ज्याच्या बाजूने जास्त जनावरे उभी राहतील, त्याला त्या पाणवठ्याचा आख्खा खडा. तिथल्या उरलेल्यांचे मत गेले वाऱ्यावर. धनेश पक्षी पाचही खडे चोचीतून आणून मोजणी करणाऱ्या म्हाताऱ्या कासवापुढे टाकी, आणि ज्याचे तीन होतील तो वाटाड्या. तुम्ही नाके मुरडू नका. माणसांच्या अमेरिकेतही अध्यक्ष निवडताना राज्याराज्यांची काहीशी अशीच मोजणी होते. देशभर जास्त मते मिळालेला माणूस तिथे हरू शकतो, आणि हरलेलाही आहे. हे बरोबर की चूक, यावर तिथली शहाणी माणसे अजून भांडत आहेत.

पाणवठ्यांचा नियम काही कुणी दुष्टपणाने केला नव्हता. फार पूर्वी टेकडीवरची जनावरे म्हणाली होती, "खाली तुम्ही शेकडो, वर आम्ही मूठभर. डोकीच मोजायची तर आम्हांला कोण विचारणार? तुमचे कळप वर येऊन आमचे झरे तुडवतील, आणि आम्ही बघत बसू." त्यात खोटे काही नव्हते. तेव्हा प्रत्येक पाणवठ्याला एक खडा देऊन सगळ्यांनी एकत्र राहायचे ठरवले, आणि पुष्कळ वर्षे ते नीट चालले.

मग टेकडीवरचा एक झरा आटला. त्याच्या काठची चाळीस साळिंदरे मुलाबाळांसकट खाली तळ्यावर राहायला आली. वर राहिल्या तीन घोरपडी. त्यांना पाण्यावाचून चालते. झरा गेला, पण झऱ्याचा खडा होता तसाच राहिला.

त्या वर्षी वाटाड्या व्हायला एक सांबर उभे होते आणि एक नीलगाय. हरिणी सांबराच्या बाजूची. जंगलभर मोजले असते तर नीलगायीकडे जास्त जनावरे होती, पण तळ्यावर सांबराची सहाच डोकी जास्त भरली आणि तळ्याचा खडा त्याला गेला. एका टेकडीचा खडा त्याला गेला. तिसरा मिळाला तो कोरड्या झऱ्याचा. सांबर वाटाड्या झाले आणि हरणांनी उड्या मारल्या.

तेव्हा एक साळिंदर हरिणीकडे आले. "ताई, एक विचारू का? वर तीन घोरपडी आहेत, त्यांचा आख्खा एक खडा. आम्ही चाळीस जण खाली आलो, तळ्याच्या गर्दीत आमच्या मताला किंमतच नाही. तुमचं कळपात वजन आहे. तुम्ही बोललात तर हा नियम बदलता येईल."

हरिणी जिंकलेली होती. जिंकलेल्याला सगळे नियम चांगलेच दिसतात. ती हसून म्हणाली, "अरे बाबा, नियम सगळ्यांना सारखाच आहे. नाचता येईना अंगण वाकडे, असं करू नये."

आजूबाजूची हरणेही हसली. साळिंदर मान खाली घालून निघून गेले, आणि दोन वर्षे कुणी तो विषय काढला नाही.

दोन वर्षांनी पाऊस रुसला. पळस फुलला तेव्हाच थोरले तळे निम्म्यावर आले होते. हरिणीला त्या वर्षी उशिरा पाडस झाले होते, बारीक अंगाचे, चार पावले धावले की धापा टाकणारे. तिचा सगळा जीव त्याच्यात अडकला होता. ती रोज सकाळी तळ्याच्या काठाशी जाऊन पाणी किती मागे सरले ते बघे आणि मग पाडसाकडे बघे.

या वेळी एक म्हातारा गवा वाटाड्या व्हायला उभा राहिला. त्याने असला एक उन्हाळा लहानपणी पाहिला होता. तो म्हणाला, "तळं टिकणार नाही. नदी दोन दिवसांच्या वाटेवर आहे. आठ दिवसांत निघालो तर पिल्लंसुद्धा पोचतील. पुढे उन्हं चढली की फक्त मोठे पोचतील."

त्याच्यासमोर रानडुक्कर उभे होते. ते म्हणाले, "तळं माझ्या आज्यापणज्यानं आटलेलं पाहिलं नाही. माळावर मरायला कशाला जायचं? वेळ आली तर चिखल उकरू." डुक्कर लबाड नव्हते, मुलांनो. त्याला खरोखरच तसे वाटत होते. हट्टी मात्र होते.

निवडीचा दिवस आला. तळ्यावर गव्याच्या बाजूने तीनशे जनावरे उभी राहिली, डुकराच्या बाजूने चाळीस. डोहावरही गवाच जिंकला. टेकडीवरच्या दोन झऱ्यांना अजून पाणी होते. तिथल्यांना वाटले, आपले पाणी आहे, आपण कशाला जायचे? तिथे चारचार डोक्यांनी डुक्कर पुढे गेले. दोघांचे दोनदोन खडे झाले, आणि सगळे जंगल आकाशाकडे बघत बसले. कोरड्या झऱ्यावरून धनेश आला. त्याने चोचीतला खडा डुकरापुढे टाकला.

एकंदरीत गव्याच्या बाजूने चारशे एक जनावरे होती, डुकराच्या बाजूने एकशे दोन. कासवाने खडे दोनदा तपासले. "तीन खडे डुकराचे," ते म्हणाले, "डुक्कर वाटाड्या."

मग जो वाद सुरू झाला त्याला तोड नव्हती. एक ससा म्हणाला, "चारशेंपेक्षा शंभर मोठे कसे?" टेकडीवरचे माकड म्हणाले, "हा करार तुमच्या पूर्वजांनी केला. डोकी मोजायला लागलात तर आम्ही वेगळे होतो." डुक्कर म्हणाले, "मी चोरी केली का? नियम होता तसा जिंकलो. तुम्ही जिंकलात तेव्हा मी ओरडलो होतो का?" प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे खरे होते, म्हणून तर वाद मिटेना. चार दिवस असे गेले. तळे रोज हातभर मागे सरत होते.

हरिणी गव्याकडे गेली. "आजोबा, चारशे जण तुमच्या बाजूचे आहेत. तुम्ही निघा, आम्ही मागे येतो. माझं पाडस इथं जगणार नाही."

 गवा म्हणाला, "पोरी, आज मी खडे लाथाडून निघालो, तर पुढच्या खेपेला जो हरेल तो आपापला कळप घेऊन निघेल. मग माळावर कुणाच्याच कडेला गवे उरणार नाहीत. आज तुझं एक पाडस आहे, तेव्हा सगळ्यांची असतील. मला हे जमायचं नाही."

ती कासवाकडे गेली. कासव म्हणाले, "नियम बदलायचा तर पाचही पाणवठ्यांनी होकार द्यायला हवा. आणि पडलेल्या खड्यांना नवा नियम लागत नाही. ज्या पाणवठ्याचा खडा त्यानं परत घेतला, नाहीतर जिंकलेल्यानं आपणहून सोडला, तरच तो उलटतो."

डुक्कर हट्टी, ते काही सोडणार नव्हते, तेव्हा हरिणी पाडसाला घेऊन टेकडी चढली. जन्मात पहिल्यांदाच ती कोरड्या झऱ्यावर जात होती. पाडस तीनदा बसले, तीनदा तिने त्याला चाटून उठवले. वर भेगाळलेल्या दगडांत तीन घोरपडी ऊन खात पडल्या होत्या.

"तुमचा खडा डुकराकडून परत घ्या," हरिणी म्हणाली. "तुम्हांला पाणी लागत नाही. आम्ही मरतोय."

त्यांतली वडील घोरपड डोळे न उघडताच म्हणाली, "तहान लागल्यावर विहीर खणायला निघालात होय? बाई, झरा आटला तसे सगळे आम्हांला सोडून गेले. कुणी मागे वळून बघितलं नाही. डुक्कर एवढं जाड, तरी धापा टाकत दोनदा वर आलं. आमच्यापाशी बसलं. आमच्या खड्यासाठीच आलं, ते का आम्हांला कळत नाही? पण आलं. हा खडा गेला म्हणजे तेही येणार नाही." तिने डोळे उघडून पाडसाकडे पाहिले. "गेल्या खेपेला आम्ही तुमच्या सांबराला खडा दिला. तेव्हा तुम्हांला आम्ही तिघीच पुष्कळ होतो."

हरिणी पाडसाला घेऊन परत फिरली. उतरताना वाटेत साळिंदरांची जुनी बिळे दिसली, ओस पडलेली. खाली तळ्याशी ते साळिंदर भेटले. तिला वाटले, आता हे ती म्हण मला परत ऐकवणार. साळिंदराने काही ऐकवले नाही. ते पाडसासाठी वाटेतून बाजूला सरले, एवढेच. त्याने ऐकवली असती तर तिला जरा हलके वाटले असते, असे मला आपले वाटते.

बाराव्या दिवशी तळ्यात चिखल उरला. डुकराने तो उकरून पाहिला, खाली कोरडी माती लागली. ते तसेच उठून गव्याकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं. माझे खडे मी सोडले. तू पुढे हो." असे म्हणायला मोठे मन लागते, हे मी कबूल करतो. पण बारा दिवस परत द्यायला त्याच्याजवळ काही नव्हते.

कळप निघाला. कडेने गवे, मध्ये पिल्ले. पहिला दिवस पाडस चालले. दुसऱ्या दिवशी दुपारी, नदीकाठची झाडे दिसू लागली होती, तेव्हा ते खाली बसले. हरिणीने चाटले, ढुशी दिली, पण ते उठले नाही. एका पाडसासाठी पाचशे जनावरे उन्हात थांबवता येत नव्हती. गव्याने जवळ येऊन तिला शिंगाने हळूच पुढे ढकलले. ती पाच पावले गेली, परत आली, पुन्हा गेली. त्या उन्हाळ्यात तेवीस पिल्ले माळावर राहिली. मी ही गोष्ट पुष्कळ वेळा सांगितली आहे, पण इथे आलो की मला आजही बोलवत नाही.

पुढे पाऊस झाला, तळे भरले, जंगल पुन्हा जंगलात आले. कोरडा झरा कोरडाच राहिला. पुढच्या निवडीच्या आधीच्या हिवाळ्यात हरिणीने कासवाला सांगून सभा बोलावली. या खेपेला म्हातारा गवा पुन्हा उभा राहणार होता आणि पाचही खडे त्यालाच पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. हरणे खुशीत होती.

हरिणी मध्ये उभी राहिली. "नियम बदलू या," ती म्हणाली. "टेकडीवरच्यांना न विचारता नाही. त्यांना भीती आहे, ती खरी आहे, तिची काही सोय करू या. पण जिथे कुणी पाणी पीत नाही तिथला खडा आणि जिथे शेकडो पितात तिथला खडा सारखा, हे बरं नाही. आज आपण जिंकतोय. आजच बोलू या."

सभेत चुळबुळ झाली. तिच्याच कळपातला एक तरणा नर पुढे आला. त्या उन्हाळ्यानंतर जन्मलेला, भरल्या अंगाचा, नव्या शिंगांचा. "मावशी, आता कशाला तो विषय?" तो म्हणाला. "पाचही खडे आपलेच आहेत की. तुमच्या वेळी हरलात, त्याला नियम काय करणार? नाचता येईना अंगण वाकडे."

हरणे हसली. माणसांत हसतात तशीच, वाईट मनाने नव्हे, जिंकणार म्हणून. हरिणीने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिले. नियम बदलायचा का, असे कासवाने विचारले तेव्हा साळिंदर गर्दीतून वाट काढत आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. बाकी कुणी आले नाही. कासवाने दोन डोकी मोजली आणि सभा उठवली.

तात्पर्य : नियमातली खोट जिंकलेल्या दिवशी शोधावी, हरलेल्या दिवशी ती आंधळ्यालाही दिसते, पण तेव्हा हरलेल्याचे कुणी ऐकत नाही.